रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग बीपी कशामुळे चढतंय? ताण आणि शरीर

सायली_डोंबिवली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

वय ४२. डोंबिवलीला राहते, लोअर परळला एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. गेलं वर्षभर काही ना काही चालूच आहे. जेवल्यावर छातीत जळजळ, मधूनच धडधड, मान-खांदे कायम आखडलेले. पहाटे तीनच्या सुमाराला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. केस कंगव्यात मूठमूठ येतात. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन सगळं करून झालं, सगळं नॉर्मल. फक्त दवाखान्यात बीपी १५०/९६ आलं. डॉक्टर म्हणाले, "स्ट्रेस आहे, टेन्शन घेऊ नका." पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा पेशंट आत आला.

ताणामुळे खरोखरच शरीरात इतकं बिघडतं का, की काही सापडलं नाही की असं सांगायची पद्धत आहे? आणि टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे मी उद्या सकाळपासून नेमकं काय करायचं? मुलगा दहावीला आहे, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मार्च तोंडावर आलाय. यातलं कुठलंच काम मला सोडून देता येण्यासारखं नाही. अनुभव असतील तर लिहा.

कर्जतकर
सायली, त्या डॉक्टरांना एकदा सकाळच्या फास्टला डोंबिवलीहून चढवा. दादरला उतरले की त्यांचंच बीपी मोजू :-)

गर्दीच्या वेळी आपल्या लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. रेल्वेच्या भाषेत त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नाव आहे. म्हणजे एका पाटाएवढ्या जागेत दोघं-तिघं. तिथे अंग आखडणार नाही तर काय होणार!

हृदयस्थ
मी फिजिशियन आहे. इथे तपासणी होऊ शकत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, बिघडतं, आणि ते मोजता येतं. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्येच मांडलं होतं की धोका दिसला की प्राण्याचं शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. पुढे हान्स सेल्ये यांनी मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर काम केलं. थंडी, इजा, विषारी द्रव्य, जास्तीचा व्यायाम असे वेगवेगळे त्रास दिले, तरी शरीरात आत सापडलं ते सारखंच: मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आकसलेली, जठरात व्रण. ते टिपण १९३६ सालचं आहे.

माणसात हे दोन वाटांनी चालतं. एक वाट मज्जातंतूंची. काही सेकंदांत अॅड्रिनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, पचन मागे पडतं. दुसरी वाट संथ. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीकडे, तिथून अॅड्रिनलकडे निरोप जातो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. कुत्रा अंगावर आला तर हे सगळं उपयोगाचंच आहे, कारण पाच मिनिटांत कुत्रा निघून जातो. रोजची चुकणारी गाडी, साहेबांचा रात्री दहाचा मेसेज, घरचं आजारपण ह्या गोष्टी पाच मिनिटांत संपत नाहीत. कॉर्टिसॉल एरवी उठायच्या सुमाराला सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असतं. ताण लांबला की हा चढउतार बिघडतो आणि झोपेची घडी विस्कटते. केसांचं म्हणाल तर मोठा ताण किंवा आजारपण झालं की साधारण दोन-तीन महिन्यांनी गळती दिसते, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही.

पण १५०/९६ ला नुसतं "स्ट्रेस" म्हणून सोडू नका. दवाखान्यातल्या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. काहींचं बीपी डॉक्टरांसमोरच चढतं आणि काहींचं दवाखान्यात नॉर्मल येऊन कामावर चढतं. दुसरा प्रकार जास्त फसवा. दंडाला पट्टा लावायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर ते वाढलेलं बीपी समजतात, मग कारण काहीही असो.

ठाण्याचे_आजोबा
आम्ही चाळीस वर्षं नोकरी केली. घरात आठ माणसं, एक पगार, दोन खोल्या, नळाला पहाटे चारला पाणी. तेव्हा कुणी ताण ताण म्हणत नव्हतं. संध्याकाळी दमून यायचो, जेवायचो, झोपायचो. आजच्या पिढीला सगळं हाताशी आहे, पण मन खंबीर नाही. सायलीबाईंना दुखवायचं नाही, पण ह्या प्रश्नाचं मूळ मोबाइलमध्ये आहे असं माझं स्पष्ट मत.

गिरणगावची_लेक
आजोबा, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. माझे वडील लालबागला गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होते. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि कित्येकांसाठी गिरणीचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही. आमच्या चाळीत त्या वर्षांत काय काय झालं ते मी पाहिलंय. शेजारचे काका पन्नाशीच्या आत हार्टने गेले. समोरच्या मावशींना अर्धांगवायू झाला. माझ्या वडिलांना अल्सर होता, रक्ताची उलटी होईपर्यंत त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आई विचारायची तर म्हणायचे, "काही नाही, जरा जळजळतंय."

त्या वेळी ताण होता, आजोबा. बोलायची सोय नव्हती. ज्यांचं शरीर कोसळलं ते आज इथे लिहायला नाहीत.

निनाद
+१. अंगावर काटा आला.

ठाण्याचे_आजोबा
गिरणगावच्या ताई, संपाचे दिवस मीही पाहिलेत, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. ते संकट होतं. पण रोजच्या साध्या आयुष्याबद्दल माझं मत कायम आहे. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसून चार माणसांशी बोलणं होतं, ते गेलं, हे तरी मान्य कराल ना?

गिरणगावची_लेक
ते शंभर टक्के मान्य, आजोबा.

रात्रपाळी
हिंजवडीत आहे, अमेरिकेच्या क्लायंटसाठी सपोर्ट. कामाची वेळ संध्याकाळी सहा ते पहाटे तीन. सुरुवातीला मजा वाटायची, रस्ते मोकळे, जास्तीचा भत्ता. आता पोटावर चरबी, साखर काठावर आणि रविवारी दुपारी लोक सिनेमाला जातात तेव्हा मला झोप अनावर होते. रात्री दोनला कँटीनमध्ये मिळतं काय, तर वडापाव आणि नूडल्स. आमच्या टीममध्ये तिशीतल्या पोरांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

शरीराच्या घड्याळाचं रेणूंच्या पातळीवरचं काम शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं, तेव्हापासून मी यावर वाचत आलोय. यकृत आणि स्वादुपिंडालाही स्वतःचं घड्याळ असतं. रात्री दोनला खाल्लेलं आणि दुपारी दोनला खाल्लेलं अन्न शरीर सारख्या पद्धतीने हाताळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर २००७ मध्ये रात्रपाळीचं काम "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलंय. हे वाचून घाबरायला होतं. डॉक्टर, यावर काही सांगाल?

हृदयस्थ
@रात्रपाळी, ते वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे ते सांगतं, तुम्हाला वैयक्तिक धोका किती हे सांगत नाही. घाबरू नका, पण साखर आणि बीपी वर्षातून दोनदा तपासा. मुख्य जेवण पाळीच्या आधी घ्या, मध्यरात्रीनंतर हलकं. झोपायच्या खोलीला जाड पडदे. सुट्टीच्या दिवशी एकदम दिवसाचं वेळापत्रक करू नका, थोडंच सरकवा.

अनघा_नाशिक
मला दुसरी बाजू मांडायची आहे. आमच्या घरी "स्ट्रेस" या शब्दाने दोन वर्षं खाल्ली. नवऱ्याला सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा, बीपी गोळ्या घेऊनही उतरत नव्हतं. धंद्यात मंदी होती, त्यामुळे जो तो म्हणे टेन्शनमुळे होतंय. शेवटी एका कान-नाक-घसा डॉक्टरांनी मला विचारलं, "हे घोरतात का? मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो का?" झोपेची तपासणी केली तर स्लीप अॅप्निया निघाला. आता रात्री मशीन लावून झोपतात, बीपी आटोक्यात आलंय.

म्हणून सायली, ताण असेलही, पण त्याच्या आड दुसरं काही लपलेलं नाही ना ते बघा. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोहाचा साठा कमी असतो, केस गळत असतील तर फेरिटिन करा. बी१२ करा, विशेषतः शाकाहारी असाल तर. आणि वय ४२ म्हणजे पाळी जाण्याच्या आधीचा काळ सुरू झालेला असू शकतो. धडधड, पहाटेची जाग, चिडचिड हे त्यातही होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचाराच.

सायली_डोंबिवली
अनघाताई, पाळीचं मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि ती खरोखर पुढे-मागे होतेय. बीपीचं मशीन मागवलंय.

जुना_फार्मासिस्ट
अल्सरचा विषय निघालाय म्हणून एक गोष्ट लिहितो. मी शिकत होतो तेव्हा अल्सर म्हणजे काळजी, तिखट आणि सिगरेट असंच पुस्तकात होतं. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरच्या मागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. कुणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच त्या जिवाणूंचं द्रावण पिऊन जठराचा दाह करून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज तो अल्सर अँटिबायोटिकच्या कोर्सने बरा होतो. कित्येक वर्षं ज्यांना "काळजी करू नका" सांगून घरी पाठवलं, त्यांचं काय?

म्हणून ताणावर सगळं ढकलायला माझा विरोध आहे.

हृदयस्थ
फार्मासिस्ट काकांचं बरोबर आहे, त्यात एक भर घालतो. जिवाणू आपल्याकडे फार लोकांच्या जठरात असतो, अल्सर त्यातल्या थोड्यांनाच होतो. डोकं दुखतं, मान दुखते म्हणून उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या खाणं हे दुसरं मोठं कारण, आणि ताणातली माणसं नेमकं तेच करतात. आतडी आणि मेंदू यांचं तर सतत बोलणं चालू असतं. परीक्षेच्या दिवशी पोट बिघडतं ते त्यामुळेच.

तपासणी करून कारण शोधायचं आणि ताणाकडेही बघायचं. दोन्ही करावं लागतं.

मिलिंद_पुणे
मला वाटतं जितकी मोठी खुर्ची तितकं जास्त टेन्शन. आमचे डायरेक्टर रात्री बाराला मेल पाठवतात. हार्ट अॅटॅक यायचा तर त्यांना आधी येईल.

आकडेवाला
@मिलिंद_पुणे, असं सगळ्यांनाच वाटतं, पण लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास उलटं सांगतो. १९६७ मध्ये तो सुरू झाला. सगळे कार्यालयातले, सगळ्यांना पगार नियमित, उपचार सरकारी. तरीही हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण खुर्ची जसजशी खाली तसतसं वाढत गेलं. शिपाई आणि निरोप्यांमध्ये सर्वांत जास्त. सिगरेट, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरूनही फरकाचा मोठा भाग उरलाच. १९८५ पासून दुसरा टप्पा झाला, त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष होते, मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली. त्यात जी गोष्ट ठळक पुढे आली ती म्हणजे कामावरचा ताबा. काम कधी करायचं, कसं करायचं, कधी थांबायचं हे ज्याच्या हातात नाही, त्याच्या हृदयाला धोका जास्त.

रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये हेच सूत्र मांडलं होतं: मागणी खूप आणि ताबा कमी, ही जोडी घातक. तुमचे डायरेक्टर रात्री बाराला मेल पाठवतात कारण त्यांना तेव्हा पाठवायचा असतो. ज्याला तो तेव्हाच वाचावा लागतो त्याची झोप जाते.

म्हणून "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य मला खटकतं. ते सगळं माणसाच्या स्वभावावर टाकतं. सायली यांची गाडी, मार्च, सासूबाईंची फिजिओथेरपी यातल्या एकाही गोष्टीची वेळ त्यांच्या हातात नाही. प्रश्न तिथे आहे.

पोलिसाची_लेक
ताब्याबद्दल अगदी खरं. बाबा हवालदार होते. गणपती, नवरात्र, निवडणूक, मोर्चा, ड्युटी कधी संपेल ते त्यांनाच माहीत नसायचं. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तेव्हा ते निवृत्तीला आले होते. "हे वीस वर्षांपूर्वी झालं असतं तर तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला आलो असतो," म्हणाले. मधुमेह आणि बीपी घेऊनच निवृत्त झाले.

तोक्योकर
जपानमधून लिहितोय. इथे अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला 'कारोशी' म्हणतात, आणि मेंदूत रक्तस्राव किंवा हार्ट अॅटॅक होण्याआधीच्या महिन्यांतले जादा तास मोजून सरकार कुटुंबाला भरपाई देतं. २०१४ मध्ये ते रोखण्यासाठी कायदा झाला, आणि २०१९ पासून ओव्हरटाइमला मर्यादा आली, साधारणपणे महिन्याला ४५ तास. अपवाद आहेत, पळवाटाही आहेत. पण ऑफिसमध्ये रात्री दिवे आपोआप बंद होतात तेव्हा साहेबालाही उठावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र हिशोब मांडला होता. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. यात घरकाम धरलेलं नाही, सायलीताई. तुमचे तास तुम्ही मोजा.

वऱ्हाडी_माणूस
धागा वाचून राहिलो कालपासून. चांगली माहिती आहे, पण मले एक सांगा, ताण काय फक्त लोकलमध्ये अन् आयटीतच असतो का? आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ जाहीर होता २०२४-२५ ला, अन् बाजारात पुकारा चार हजाराच्या आसपास. काढणीच्या टायमाले पाऊस, माल ओला, मग त्याहून कमी. बँकेचं कर्ज, दुकानदाराची उधारी, पोरीचं लग्न. रात्रभर माणूस आढ्याकडे बघत पडतो. विहिरीत पाणी नसताना मोटार चालू राहिली की जळते, तसं होते आतून.

आमच्या बाबाले छातीत दुखलं तर ते गॅस समजले. बैलाले औषध आणायले तालुक्याले गेले, स्वतःले नाही. इथं आत्महत्येचा आकडा पेपरात येते. पण जे बीपीनं, लकव्यानं हळूहळू जातात, त्याची बातमी होत नाही.

निनाद
भाऊ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वरचं ताब्याचं सूत्र तुम्हालाच सगळ्यात जास्त लागू पडतं. पाऊस, भाव, दोन्ही हातात नाही.

योगसाधक
इतका वेळ कुणी योगाचं नाव कसं काढलं नाही! आपल्या लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं ते योगाची प्रयोगशाळेत तपासणी करायलाच. श्वास मिनिटाला पाच-सहापर्यंत संथ केला की हृदयाचा वेग आणि रक्तदाब दोन्ही खाली येतात, हे आज कुठल्याही शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात सापडेल. सायलीताई, रोज सकाळी एक तास द्या, सहा महिन्यांत गोळ्या लागणार नाहीत.

मुक्ता_स
दादा, श्वासाचं मान्य, पण तो सकाळचा एक तास कुठून काढायचा? साडेपाचला उठून तीन डबे करणाऱ्या बाईला आणखी एक काम सांगणं म्हणजे तिचा ताण वाढवणंच आहे.

मी आईला सांभाळते, तिला स्मृतिभ्रंश आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी माझ्यासारख्याच बायकांवर प्रयोग केला होता. घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सांभाळणाऱ्यांच्या आणि तशी जबाबदारी नसलेल्यांच्या हातावर अगदी छोटी, सारख्या आकाराची जखम केली. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. ते वाचलं तेव्हा मी रडले, कारण माझ्या बोटाला सुरी लागलेली महिनाभर चिघळत होती आणि सगळे विचारत होते, "साखर तर नाही ना?" साखर नव्हती.

मला उपयोग कशाचा झाला तर भाऊ दर शनिवारी येऊन आईजवळ बसायला लागला त्याचा. त्या दिवशी मी भाजी आणायलाही जात नाही, झोपते.

योगसाधक
मुक्ताताई, बरोबर. तासाचा हट्ट सोडतो. गाडीत जागा मिळाली की डोळे मिटून दहा मिनिटं संथ श्वास, श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब. एवढंच करा. गोळ्यांचं डॉक्टरांनीच ठरवावं.

कर्जतकर
जागा मिळाली की! हा 'की' फार मोठा आहे दादा :-) चौथी सीट मिळाली तरी अर्धा देह बाहेरच.

बदलापूरची_वहिनी
अवांतर, पण आमच्या लेडीज डब्याचं सांगू का? भाज्या निवडून होतात, संक्रांतीला हळदीकुंकू होतं, श्रावणात मंगळागौरीची गाणी. माझं मिस्कॅरेज झालं तेव्हा घरी कुणी विषयसुद्धा काढत नव्हतं, डब्यातल्या बायकांनी मात्र मला महिनाभर खिडकी दिली. न मागता. घाटकोपरपर्यंत कुणी काही बोलायचं नाही, नुसता हात धरून बसायच्या. त्या प्रवासाने माझी पाठ मोडली हे खरं आणि त्याच डब्याने मला उभं केलं हेही खरं.

ठाण्याचे_आजोबा
वहिनी, हीच ती चाळीची गॅलरी.

दातांची_डॉक्टर
माझ्या खुर्चीतून एक निरीक्षण. ज्यांची मान-खांदे आखडतात त्यातले बरेच रात्री झोपेत दात खातात आणि त्यांना पत्ताच नसतो. सकाळी जबडा अवघडलेला, कानशिलं दुखतात, दातांचे टोक झिजलेले. जोडीदाराला विचारा, आवाज येतो का. असेल तर रात्री घालायचं गार्ड मिळतं. मार्च आणि परीक्षांच्या काळात असे पेशंट मला हमखास दिसतात.

सायली_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर बीपी लिहून ठेवलं. रविवारी घरी १२८/८२, कामाच्या दिवशी संध्याकाळी १४६/९४, १५०/९२. सरासरी १३५/८५ च्या वर आली. दुसऱ्या डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी २४ तास दंडावर राहणारं मशीन लावलं. रात्री झोपेतही बीपी हवं तेवढं खाली उतरत नाही असं निघालं. फेरिटिनही कमी आलं. गोळी सुरू केली आहे, लोहही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पुढच्या आठवड्यात जातेय.

आकडेवाला यांची पोस्ट मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाईंना फिजिओथेरपीला न्यायचं काम आता तो करतो. ऑफिसात मी वेळ बदलून मागितली, साडेसातला येऊन साडेचारला निघायची. मार्च संपल्यावर बघू म्हणालेत. मी लेखी मागितलंय.

एक विचारायचं राहिलं. ताण कमी झाला तर गोळी बंद होईल का?

हृदयस्थ
रात्री बीपी न उतरणं महत्त्वाचं आहे, बरं झालं सापडलं. गोळीचं आत्ताच सांगता येणार नाही. झोप सुधारली, मीठ कमी झालं (लोणचं, पापड, फरसाण आधी बघा), वजन उतरलं तर काहींचा डोस कमी होतो, काहींची थांबतेही. पण बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करायची नाही. बीपी चढलेलं असताना बहुतेकांना काहीच जाणवत नसतं. पहाटेची जाग अशीच राहिली आणि सोबत कशातच रस वाटेनासा झाला, तर तेही डॉक्टरांना सांगा. ते नैराश्यही असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

@वऱ्हाडी_माणूस, बाबांचं पुढे काय झालं? पुन्हा तपासलं का?

वऱ्हाडी_माणूस
नाही डॉक्टरसाहेब. बरं वाटलं, सोडून दिलं. खासगीत गेलं की हजार-दोन हजार जातात, म्हणून तयार होत नाहीत.

हृदयस्थ
खासगीत जायची गरज नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर तपासणं हे गावच्या उपकेंद्राचं कामच आहे. आशाताईंना विचारा, त्यांच्याकडे यादी असते. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. मात्र छातीत दुखून गेलंय, तेव्हा ईसीजी हवाच, तो ग्रामीण रुग्णालयात होईल. आणि पुन्हा दुखलं, घाम आला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर गॅसची गोळी न देता लगेच १०८ ला फोन करा.

वऱ्हाडी_माणूस
लिहून घेतलं. गुरुवारी तालुक्याचा बाजार आहे, तेव्हा बाबाले घेऊन जातो. माझंही बीपी बघून घेतो.